दुरुस्ती आणि वसुली

केंद्र सरकारच्या निवासस्थानात राहणाऱ्या नोकराच्या वेतनातून दरमहा जी रक्कम कापली जाते, तिला सरकारी कागदपत्रांत 'भाडे' म्हणत नाहीत. 'परवाना शुल्क' म्हणतात. या शब्दभेदाचे महत्त्व आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. भाडेकरूस कायद्याने काही हक्क प्राप्त होतात. परवानाधारकास घरात राहण्याची केवळ अनुज्ञा असते, आणि बदली झाली किंवा निवृत्ती आली की ठराविक मुदतीनंतर ती अनुज्ञाही संपते. भिंतीत खिळा ठोकतानासुद्धा ही भिंत आपली नव्हे, याचे भान ठेवावे लागते. तथापि या व्यवस्थेविषयी आमच्या मनात कधी कटुता उत्पन्न झाली नाही. ती का झाली नाही याचा विचार करू लागलो, तेव्हा कारणे अगदी साधी निघाली. आपण मालक नाही हे आपणांस पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. शुल्क वाढले तर आदेश निघतो आणि त्या आदेशावर तारीख असते. शिवाय गळका नळ दुरुस्त करावयास आलेला सी. पी. डब्ल्यू. डी.चा माणूस, जाता जाता स्वयंपाकघराला कुलूप ठोकून, "आजपासून याचे वेगळे पैसे पडतील" असे सांगून जात नाही.

संगणकाच्या आणि मोबाइलच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडू लागले आहे. आणि ते इतक्या सौम्य भाषेत, इतक्या नाजूक रंगसंगतीने घडते, की आपल्यावर काही अन्याय होत आहे हेच कित्येकांच्या लक्षात येत नाही. रात्री यंत्र चालू ठेवून आपण झोपी जातो. सकाळी पडद्यावर सूचना दिसते की, आपले सॉफ्टवेअर 'अद्ययावत्' झाले आहे. काल जी सोय हाताशी होती ती आज एका लहानशा कुलपाच्या चित्रामागे गेलेली असते, आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे मासिक वा वार्षिक वर्गणी. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न असता तर या मासिकाची पाने त्यासाठी अडविण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या मते हा नीतीचा प्रश्न आहे. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हात किती काळ राहावा, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने उघडलेल्या दारातून त्याने आणखी काय काय आत आणावे, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि बंगळुरात राहणाऱ्या माणसाला ती विसरता येत नाही. कोरमंगल्यात केंद्रीय सदनाच्या आसपासच्या रस्त्यांवर दुपारी जेवणाच्या सुटीत जी तरुण मंडळी चहाच्या टपरीभोवती उभी असतात, त्यांतील बहुतेकांची उपजीविका याच वर्गण्यांवर चालते. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी या शहरात आली. पुण्यास १९८१ साली जन्मलेली इन्फोसिस १९८३ साली बंगळुरास जणू दत्तक आली. आणि तेव्हापासून जगातील कितीतरी सॉफ्टवेअरची डागडुजी या शहरात बसून होते. आमच्या शेजारी साताऱ्याकडचा एक तरुण अभियंता राहतो. आमची तक्रार ऐकून तो एकदा म्हणाला, "दादा, तुम्ही एकदा पैसे दिलेत आणि त्यानंतर दहा वर्षे आम्ही रात्री जागून त्यातली भोके बुजवायची. माझा पगार मात्र दर महिन्याला लागतो. तो कुणी द्यायचा?"

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खुर्ची एकदा विकली की सुताराचे काम संपते. खुर्चीवर परदेशातून कोणी चोर हल्ला करीत नाही. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते महाजालाशी जोडलेले असते, त्यात रोज नवी छिद्रे सापडतात, आणि ती बुजविणारी माणसे सतत कामावर ठेवावी लागतात. २००१ साली बाजारात आलेल्या 'विंडोज एक्सपी'ला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पर्यंत, म्हणजे साडेबारा वर्षे, सुरक्षेची ठिगळे पुरविली. ज्याने प्रारंभीच यंत्र घेतले, त्याला एकाच मूल्यात एवढी दीर्घ सेवा मिळाली. असे कायम चालावे अशी अपेक्षा ग्राहकाने केली, तर ती न्याय्य म्हणता येणार नाही. त्यातच आपल्या देशात एके काळी मूल्य न देता केलेल्या नकलांचा सुळसुळाट होता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय किंवा येथील एस. पी. रोड काय, संगणक जुळवून देणारा दुकानदार त्यात हवी ती सॉफ्टवेअरे 'भरून' देत असे, आणि त्यात काही वावगे आहे असे गिऱ्हाइकासही वाटत नसे. त्या काळाचे स्मरण ठेवूनच या कंपन्यांनी वर्गणीची पद्धत पत्करली, असे त्यांचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही.

वर्गणी ही कल्पना तर आपल्या समाजाला मुळीच परकी नाही. गावगाड्यात लोहार, सुतार, न्हावी यांना दरवर्षी खळ्यावर बलुते मिळे. दर खेपेस मजुरीचा हिशेब होत नसे. नांगराचा फाळ वर्षभर शेवटावा आणि सुगीला आपला वाटा घ्यावा, अशी ती रीत होती. तिच्यात अन्यायही पुष्कळ होता, विशेषतः ज्यांच्या वाट्याला कष्ट मोठे आणि बलुते लहान आले त्यांच्यावर. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु निरंतर सेवेबद्दल निरंतर मोबदला, हे तिच्यातील तत्त्व चुकीचे नव्हते. आणि दूर कशाला जावे? परमुलुखात निघणारी आपली मराठी मासिके वर्गणीवरच जगतात. वर्गणीदार कमी झाले की संपादकांचा चेहरा कसा होतो हे त्यांच्या जवळ बसणारांना ठाऊक आहे.

मग आमची हरकत कशाला आहे? मासिकाचेच उदाहरण घेऊ. एखाद्या वर्गणीदाराने पुढील वर्षी वर्गणी भरली नाही, तर पुढचे अंक येणे बंद होते. परंतु गेल्या दहा वर्षांचे जे अंक त्याने फडताळात जपून ठेवले आहेत, ते नेण्यासाठी व्यवस्थापक हातगाडी घेऊन दाराशी येत नाहीत. सॉफ्टवेअरच्या वर्गणीत ही हातगाडी येते. मे २०१३ मध्ये अडोबी कंपनीने जाहीर केले की, चित्रकारांच्या, छायाचित्रकारांच्या आणि मुद्रकांच्या उपयोगाची तिची साधने यापुढे कायमची विकली जाणार नाहीत, केवळ वर्गणीने मिळतील. म्हणजे वर्गणी थांबली की साधन थांबले. मग आयुष्यभर केलेले काम स्वतःच्या यंत्रात असूनही ते नीट उघडण्यासाठी पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. येथे मोबदला केवळ नव्या सेवेचा राहत नाही. जुन्या श्रमांवर चढविलेल्या बोज्याचे रूप त्यास येते.

पूर्वीच्या मराठी मुलुखात जमीन कसणारांचे दोन मुख्य वर्ग होते, मिरासदार आणि उपरी. दोघेही दरवर्षी सारा भरीत. तेव्हा दरवर्षी पैसे देणे हा त्यांच्यातील भेद नव्हता. मिरासदारास सारा भरीत असेतोवर जमिनीवरून हुसकता येत नसे आणि त्याच्या मिराशीला वंशपरंपरेचा आधार होता. उपऱ्याचा करार वर्षाचा, किंवा मालकाच्या मर्जीचा. (शहाजीराजांना आदिलशाहीकडून मिळालेले हे बंगळूर तरी काय, जहागीरच होती, वतन नव्हते. जहागीर देणाऱ्याला ती काढूनही घेता येते, हे त्या काळच्या सरदारांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?) आजच्या ग्राहकाचे दुःख असे आहे की, तो बाजारातून मिरासदार म्हणून घरी येतो आणि काही वर्षांनी एका सकाळी उपरी होऊन उठतो. मधल्या काळात त्याने कोणत्याही कागदावर समजून-उमजून सही केलेली नसते. केवळ एक 'अपडेट' झालेले असते.

या 'अपडेट' शब्दाजवळ थोडे थांबणे अवश्य आहे, कारण आमच्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे. एकाच पुडक्यात आज दोन अगदी भिन्न गोष्टी बांधून येतात. पहिली म्हणजे दुरुस्ती. विकलेल्या मालात जे दोष राहून गेले ते दूर करणे, छिद्रे बुजविणे, हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे आणि ती करवून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. इतकेच नव्हे तर ते त्याचे कर्तव्यही आहे, कारण एका निष्काळजी यंत्राची बाधा शंभर यंत्रांना होते. म्हणूनच आपल्या कार्यालयांतून वारंवार परिपत्रके येतात की, सर्वांनी आपापली यंत्रे अद्ययावत् ठेवावीत. दुसरी गोष्ट म्हणजे नवा सौदा. काय फुकट, काय विकत, कोणती सोय कोणत्या कुलपाआड, यांची फेरमांडणी. तो स्वीकारावा की नाकारावा हा ग्राहकाच्या खुषीचा प्रश्न आहे. जे नाकारणे धोक्याचे आहे त्याच्या पाठीवर जे नाकारण्याचा पूर्ण अधिकार आहे ते बसवून पाठविणे, यात आम्हांला अनीती दिसते. वैद्याने औषधाच्या पुडीत स्वतःच्या सावकारीचे कागद घालून पाठवावे, तसा हा प्रकार आहे.

हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. सप्टेंबर २०१६ मध्ये एच. पी. कंपनीच्या अनेक मुद्रणयंत्रांनी दुसऱ्या उत्पादकांच्या शाईच्या कुप्या एकाएकी नाकारण्यास सुरुवात केली. यंत्र तेच, कुपी तीच, कागदही तोच. परंतु यंत्रातील आज्ञावलीत आधीच पेरून ठेवलेला नकार ठरलेल्या दिवशी उगवला. मोठा ओरडा झाला, तेव्हा कंपनीने ग्राहकांशी नीट संवाद साधला नाही याबद्दल क्षमा मागितली आणि तो निर्बंध काढण्याची सोय दिली. पण तत्त्व म्हणून असा निर्बंध तिने सोडला नाही. याहून क्षुल्लक, पण आमच्या वर्गाला अधिक जिव्हाळ्याचे उदाहरण म्हणजे पत्त्यांचा 'सॉलिटेअर' हा खेळ. १९९० सालापासून तो विंडोजबरोबर फुकट येत असे, आणि सरकारी कचेऱ्यांतील किती दुपारी त्याने सुसह्य केल्या याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही. २०१२ साली आलेल्या 'विंडोज ८'मधून तो वगळण्यात आला. पुढे तो परतला तो जाहिराती घेऊन. आणि जाहिराती नको असतील तर वर्गणी, अशी व्यवस्था झाली. एकट्याने खेळावयाच्या पत्त्यांनाही वर्गणी लागावी, हे वाचून आमचे एक ज्येष्ठ सहकारी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हसण्यासारखे नसलेले उदाहरण आमच्या घरातच आहे. गृहखर्चाच्या नोंदी ठेवण्याचे एक साधन काही वर्षांपूर्वी आम्ही एकरकमी मूल्य देऊन मोबाइलवर घेतले होते. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. रोज रात्री जेवणानंतर दिवसाचा खर्च त्यात लिहिण्याचा परिपाठ पडला. मातोश्रींच्या आजारपणात औषधे, तपासण्या, रिक्षा यांची पैन् पै त्यात नोंदली गेली. पुढे खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी मागील नोंदी पाहण्याची गरज पडली, तो एका अपडेटनंतर एक वर्षापूर्वीच्या साऱ्या नोंदी कुलपाआड गेल्या होत्या. वर्गणी फार नव्हती. दोन वेळच्या कॉफीची किंमत म्हणता येईल. परंतु त्या नोंदी आमच्या होत्या. त्या लिहिण्याचे श्रम आमचे होते, आणि त्यांतील दुखणे आमच्या आईचे होते. आमचीच वही आम्हांस परत देण्यासाठी मागितलेली रक्कम लहान की मोठी, हा प्रश्न त्या क्षणी अगदीच गैरलागू वाटला. आम्ही ती वर्गणी एक महिना भरली, सर्व नोंदी एका साध्या कागदी वहीत उतरवून घेतल्या, आणि दुसऱ्या महिन्यापासून ती बंद केली.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही 'मी सहमत आहे' या कळीवर बोट ठेवले होते ना? मग आता कुरकुर कसली? संमतीचा हा आधार या सर्व व्यवहाराचा पाया आहे, म्हणून तो तपासून पाहिला पाहिजे. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'हो'ला संमती म्हणावे. अपडेटच्या प्रश्नाखाली बहुधा दोनच पर्याय असतात, 'आता' आणि 'नंतर'. 'कधीच नको' हा पर्याय शोधूनही सापडत नाही. आणि 'नंतर' म्हटले की तोच प्रश्न उद्या, परवा, बैठकीच्या ऐन मध्यात पुन्हा उभा राहतो. अशा रीतीने मिळविलेला होकार हा थकव्याचा होकार असतो. ज्याच्या फायली, छायाचित्रे, मुलांची प्रमाणपत्रे त्या यंत्रात अडकली आहेत, तो तर 'अडला हरि' झालेला असतो, आणि त्याने कोणाचे पाय धरले यावरून त्याची इच्छा काय होती हे ठरविता येत नाही.

ऑस्ट्रेलियात २०२५ साली जे घडले ते या संदर्भात बोलके आहे. तेथील मायक्रोसॉफ्टच्या घरगुती वर्गणीत 'कोपायलट' हा कृत्रिम बुद्धीचा मदतनीस घालण्यात आला आणि व्यक्तिगत वर्गणी वर्षाला १०९ डॉलरांवरून १५९ डॉलरांवर नेण्यात आली. जुन्या वर्गणीदारांना कळविण्यात आले की, नवा दर द्या अथवा वर्गणी बंद करा. वस्तुतः तिसरा मार्ग होता: मदतनीसाविना, जुन्याच दराने, जुनीच वर्गणी. परंतु तो वर्गणी बंद करावयास निघालेल्या माणसाला, अगदी दाराबाहेर पाऊल टाकतानाच दिसे. तेथील ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीवर खटला भरला. सुमारे २७ लाख ग्राहकांची दिशाभूल झाली असा आयोगाचा आरोप आहे. पुढे कंपनीने ग्राहकांची क्षमा मागून जुन्या वर्गणीकडे परतणारांस फरक परत देण्याची तयारी दाखविली. आम्हांस यात सर्वांत बोधप्रद वाटते ती त्या तिसऱ्या मार्गाची जागा. तो अस्तित्वात होता, म्हणजे कंपनीने कोणतेही उघड असत्य केले नाही, असे कदाचित् म्हणता येईल. पण सत्य कोठे ठेवायचे हेही माणूस ठरवितोच.

कायदा काय म्हणतो, हे विचारण्याची आपल्या मंडळींना स्वाभाविक सवय असते. आपल्या देशात कायद्याने या विषयाला दोन-तीनदा स्पर्श केला आहे, आणि त्यांतील एक वाद तर थेट या शहरातला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश राज्य यांच्यातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली निर्णय दिला की, बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे आणि तिच्यावर विक्रीकर लागू शकतो. नंतर परदेशी कंपन्यांना सॉफ्टवेअरपोटी दिलेली रक्कम म्हणजे स्वामित्वहक्काच्या वापराचा मोबदला काय, असा आयकराचा वाद उभा राहिला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०११ साली महसूल खात्याच्या बाजूने कौल दिला. आणि बंगळूरच्या 'इंजिनिअरिंग अॅनॅलिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स' या कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी तो फिरविला. ग्राहक स्वामित्वहक्क विकत घेत नाही, तो एक प्रत विकत घेतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. प्राप्तिकर खात्यातील आमच्या मित्रांना त्या निकालाने किती फायली बंद कराव्या लागल्या ते तेच जाणोत. आम्हांस त्यातून एक वेगळाच विचार सुचतो. कर घेताना जिला आपण 'विकलेली वस्तू' म्हणतो, तीच वस्तू ग्राहकाच्या घरी पोचल्यावर 'केवळ परवाना' कशी होते? पुस्तक विकत घेणारा त्यातील कथेचा मालक होत नाही हे खरे. पण ते पुस्तक त्याचे असते. याचेही उलट उदाहरण घडून गेले आहे. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने विकलेली जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके, प्रकाशकाकडे हक्क नव्हता म्हणून, ग्राहकांच्या 'किंडल' यंत्रांतून परस्पर काढून घेतली आणि पैसे परत केले. त्या दोहोंपैकी एक '१९८४' असावे, हा योगायोग कोणा विडंबनकारालाही साधला नसता.

ग्राहकाला फसविणाऱ्या मांडणीविरुद्ध आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूत्रे जारी केली. त्यांत तेरा प्रकार नोंदविले आहेत. वर्गणीचा सापळा, सक्तीची कृती, सतत भुणभुण, आमिष दाखवून माल बदलणे हे त्यांपैकीच. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून असा नियम लागू केला की, कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना ग्राहकास किमान चोवीस तास आधी मिळाली पाहिजे. हा नियम आला तेव्हा बड्या कंपन्यांची तारांबळ उडाली आणि कित्येक ग्राहकांनीही कुरकुर केली. आमच्या मते तो अलीकडच्या काळातील फार शहाणा नियम आहे. मात्र हे सर्व नियम पैसे कसे मागावेत याविषयी आहेत. दिलेले परत घ्यावे की नाही, या प्रश्नाला ते अद्याप पुरते भिडलेले नाहीत.

तो प्रश्न आता पडद्यावरून रस्त्यावर उतरला आहे. मोटारीत आसन ऊबदार करण्याची योजना कारखान्यातच बसवायची आणि ती चालू करण्यासाठी मात्र महिन्याची वर्गणी घ्यायची, असा प्रयोग बी. एम. डब्ल्यू.ने काही देशांत केला. २०२२ साली त्यावर गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी कंपनीने तो सोडून दिला. विजेवर चालणाऱ्या स्कूटरींचे आपले बंगळूर हे माहेरघर. या वाहनांची कितीतरी वैशिष्ट्ये सॉफ्टवेअरच्या रूपाने पुरविली जातात आणि हवेतून बदलता येतात. येथील 'ओला इलेक्ट्रिक'ने मे २०२३ मध्ये चार्जरपोटी ग्राहकांकडून वेगळे घेतलेले पैसे परत करण्याचे जाहीर केले, ते सरकारी अनुदानाच्या अटींची चौकशी सुरू झाल्यावर. चार्जर ही निदान हातात धरता येणारी वस्तू. तिचा हिशेब मागता आला. उद्या वाहनाचा वेग, त्याचा नकाशा, त्याच्या विद्युत्घटाची शक्ती यांतील काय मूळ किमतीत आले आणि काय वर्गणीत, याचा हिशेब कसा मागावयाचा? लोखंड आपले आणि त्याचे चालणे दुसऱ्याचे, अशी ही मालकी आहे.

यावर एक उपाय सांगितला जातो तो मुक्त सॉफ्टवेअरचा. त्याची थोरवी आम्ही मानतो. केरळ सरकारने आपल्या शाळांतून ते रुजविले. आपल्या लिपीपुरते पाहिले तर मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या समूहाने 'मुक्ता'सारखा सुबक टंक सर्वांस विनामूल्य खुला केला. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर ज्या टंकात लिहिला त्याच टंकात उघडे. तो टंक नसलेल्या यंत्रावर संपूर्ण लेखाचे निरर्थक रोमन चिन्हांत रूपांतर होई. त्या काळातील कित्येक स्मरणिका आणि हस्तलिखिते आज कोणास वाचता येत नाहीत. आपलेच लिखाण दुसऱ्याच्या कुलपाआड जाणे म्हणजे काय, हे मराठी लेखकाला अशा रीतीने पुष्कळ आधी कळले होते. परंतु मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग प्रत्येकाला जमेलच असे नाही. ज्याची कचेरी, बँक आणि मुलांची शाळा ठराविक साधनांवर चालते, त्याला 'सोडून द्या' असे सांगणे हे बदलीच्या गावी पाणी खारट आहे म्हणणाऱ्याला 'नोकरी सोडा' असे सांगण्यासारखे आहे. वैराग्य हा न्यायाचा पर्याय होऊ शकत नाही.

मग न्याय म्हणून काय मागावे? शेजारच्या त्या तरुणाशी आमचे यावर पुष्कळ बोलणे झाले, आणि विशेष हे की फारसा मतभेद राहिला नाही. दुरुस्ती आणि सौदा ही दोन वेगळी पुडकी करावीत. दुरुस्ती घेणाऱ्यावर सौद्याची सक्ती नसावी. वर्गणी संपली तर नवे लिहिता येऊ नये हे ठीक, पण जुने वाचता यावे आणि उचलून दुसरीकडे नेता यावे. हे दोन्ही त्याने मान्य केले. अडले ते एकाच ठिकाणी. तो म्हणाला, "पण दुरुस्ती किती वर्षे करायची, हे तरी सांगा. जन्मभर नाही परवडणार."

हा प्रश्न रास्त होता, आणि १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेने तो लक्षावधी लोकांपुढे उभा केला. त्या दिवशी 'विंडोज १०'ची नेहमीची दुरुस्ती थांबली. अनेक धडधाकट यंत्रे केवळ त्यांत अमुक एक चकती किंवा तमुक पिढीचा प्रक्रियक नाही म्हणून पुढच्या आवृत्तीस अपात्र ठरली. आणखी एका वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, सुरक्षा हवी असेल तर घरगुती ग्राहकाने तीस डॉलर द्यावेत किंवा आपल्या यंत्रातील मांडणी कंपनीच्या साठ्यात ठेवण्यास मान्यता द्यावी, असे पर्याय ठेवण्यात आले. युरोपातील ग्राहक संघटनांनी तक्रार केली, तेव्हा तेथे हे वर्ष विनामूल्य झाले. आपल्याकडे तशी सवलत आली नाही. छिद्र तेच, ठिगळ तेच. फरक इतकाच की, तेथे मागणारे एकत्र होते.

आम्ही त्या तरुणाला उत्तर दिले की, किती वर्षे ते तुम्हीच ठरवा. तीन म्हणा, सात म्हणा. पण विकतानाच खोक्यावर छापा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून महाजालाशी जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या उत्पादकांना सुरक्षेची दुरुस्ती किमान कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे जाहीर करण्याचे बंधन कायद्याने आले आहे. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर वजन, किंमत, निर्मितीचा महिना आणि तक्रार कोठे करावी हे सारे छापावे लागते. त्यासाठी वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम आहेत. त्या नियमांत एका ओळीची भर पडण्यास कोणती अडचण आहे, हे त्या खात्यातील वाचकांपैकी कोणी आम्हांस कळविल्यास आम्ही आभारी होऊ. तरुणाने थोडा विचार करून सांगितले की, तारीख छापली तर विक्री कमी होईल. तेही शक्य आहे.